निळा उजेड आणि चुरचुरणारे डोळे

सोलापुरातल्या नवी पेठेत चष्मा करायला गेलात आणि ‘काम कॉम्प्युटरवर असतं’ असं म्हणालात, की दुकानदार खणातून एक छोटी पेटी काढतो. पेटीत पेनाएवढा टॉर्च, एक पांढरं कार्ड आणि दोन काचा असतात. टॉर्चचा जांभळट निळा किरण साध्या काचेतून कार्डावर सोडला, की तिथे गडद ठिपका उमटतो आणि काही सेकंदांनी विरून जातो. मग तोच किरण ‘ब्लू कट’ काचेतून सोडतात. या वेळी कार्ड कोरं राहतं. ‘बघा साहेब, सगळं अडवलं.’ डोळ्यांदेखत झालेला प्रयोग असतो, काच काही शे रुपयांनी महाग असते आणि डोळे तर रोज संध्याकाळी चुरचुरतच असतात. माणूस हो म्हणतो.

प्रयोगात फसवाफसवी नाही, काच खरोखरच तो किरण अडवते. पाहायचं ते एवढंच, की टॉर्चमधून येणारा उजेड आणि मोबाइलमधून येणारा उजेड एकच आहे का.

उजेडाचा रंग त्याच्या तरंगलांबीवर ठरतो आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. माणसाला दिसणारा उजेड साधारण ३८० पासून ७५० नॅनोमीटरपर्यंतचा. त्यातलं जांभळं टोक कमी तरंगलांबीचं, लाल टोक जास्तीचं. दुकानातल्या त्या टॉर्चचा किरण बहुतेक वेळा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळा असतो. कार्डावरचा लेप नेमका त्या किरणाने काळवंडतो. मोबाइल आणि लॅपटॉपच्या पडद्यातला निळा रंग मात्र ४५० च्या आसपास सर्वांत तीव्र असतो, ४०५ ला तिथे जवळपास काहीच नसतं. पारदर्शक दिसणारी ब्लू कट काच ४१५-४२० पर्यंतचा उजेड चांगला अडवते आणि पुढचा बराचसा आत सोडते. बाजारातल्या अशा काचांची एकूण निळा उजेड गाळण्याची क्षमता १० ते २५ टक्क्यांच्या घरात असते. थोडक्यात, पडदा जो किरण जवळजवळ सोडतच नाही, तो अडवून दाखवला जातो.

पडद्यातला ४५० चा निळा खरोखर अडवायचा तर काच पिवळी, किंबहुना नारिंगी करावी लागते. तसे चष्मे मिळतातही. पण ते घालून रंगांचं काम करता येत नाही. सोलापुरी चादरीची नक्षी पडद्यावर बसवणाऱ्या माणसाला गर्द निळा आणि काळा यांतला फरक दिसायलाच हवा. आरपार स्वच्छ दिसणारी काच निळा उजेड मोठ्या प्रमाणात अडवूच शकत नाही. जे गाळलं गेलं त्याचा रंग काचेत दिसल्यावाचून राहत नाही.

आता मुळात तो निळा उजेड अडवायची गरज आहे का, ते पाहू.

आजच्या बहुतेक पडद्यांमागे एलईडी असतात. पांढरा उजेड देणारा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर पिवळा उजेड देणाऱ्या पदार्थाचा थर देतात आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. हा निळा एलईडी बनवणं फार अवघड होतं. तो साधल्याबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पडद्यात निळा उजेड आहे हे शंभर टक्के खरं. मात्र किती आहे हा आकडा जाहिरातीत कधी नसतो. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी दिलेला हिशोब असा, की कॉम्प्युटरच्या पडद्यासारख्या कृत्रिम स्रोतांतून डोळ्यांत जाणारा निळा उजेड दिवसाच्या नैसर्गिक उजेडातल्या निळ्याच्या सुमारे एक हजारांश असतो. मे महिन्यात सिद्धेश्वर तलावाच्या कडेला उभं राहा. वर निरभ्र आकाश आणि एक लाख लक्सच्या घरातला उजेड. लक्स हे उजेड मोजण्याचं माप आहे. ऑफिसातल्या टेबलावर तो तीनशे ते पाचशे लक्स असतो. आपल्या आज्या-पणज्या शेतात त्या आकाशाखाली आयुष्यभर राबल्या. पडद्यातल्या निळ्याने दृष्टिपटल जळत असतं, तर त्यांच्यापैकी कुणाचे डोळे शाबूत राहिले असते?

भीती आली कुठून तेही सांगायला हवं, कारण ती हवेतून आलेली नाही. १९६६ मध्ये वर्नर नोएल यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की तीव्र उजेडाने दृष्टिपटलाच्या पेशी मरतात. १९७६ मध्ये विल्यम हॅम आणि सहकाऱ्यांनी माकडांवर दाखवलं, की कमी तरंगलांबीचा उजेड त्याबाबतीत जास्त घातक ठरतो. दोन्ही निष्कर्ष पक्के आहेत. म्हणूनच ग्रहणात सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नसतं आणि वेल्डिंगवाल्याने काचेशिवाय काम करायचं नसतं. पण तिथली मात्रा आणि पडद्याची मात्रा यांची तुलनाच होत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातून एक शोधनिबंध आला आणि ‘मोबाइलमुळे अंधत्व’ अशा बातम्या जगभर गेल्या. तो प्रयोग बशीत वाढवलेल्या पेशींवर होता, त्या पेशी डोळ्यातल्या दृष्टिपटलाच्या नव्हत्या, आणि त्यांच्यावर टाकलेला उजेड मोबाइलचा नव्हता. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने लगेच खुलासा केला, की यावरून मोबाइलबद्दल काहीही सिद्ध होत नाही. बातमी गावोगाव गेली, खुलासा मागे राहिला.

ब्रिटनमध्ये हा विषय दंडापर्यंत गेला. बूट्स ऑप्टिशियन्स या मोठ्या साखळीने निळा उजेड अडवणाऱ्या काचांची वृत्तपत्रात जाहिरात केली आणि पडद्याचा उजेड दृष्टिपटलाला अपाय करतो असं सुचवलं. तिथल्या जाहिरात नियामकाने २०१५ मध्ये ती दिशाभूल करणारी ठरवली. २०१७ मध्ये चष्म्याच्या व्यवसायावर देखरेख करणाऱ्या परिषदेने कंपनीला ४०,००० पौंडांचा दंड केला.

‘अपायाचं सोडा, पण ही काच लावल्यापासून मला बरं वाटतं,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. म्हणून याची तपासणी नीट व्हायला हवी होती, आणि ती झाली. मेलबर्नमध्ये पडद्यामुळे डोळ्यांना त्रास होणाऱ्या १२० जणांना घेतलं. काहींना ब्लू कट काच दिली, काहींना साधी, आणि कुणाला कोणती दिली ते ना त्यांना माहीत, ना मोजमाप करणाऱ्याला. शिवाय निम्म्या लोकांपुढे त्या काचेची तारीफ केली, निम्म्यांपुढे तिच्याबद्दल शंका व्यक्त केली. मग सगळ्यांना दोन तास कॉम्प्युटरवर बसवलं. त्रासात फरक पडला नाही, ना काचेने ना तारिफेने. हा निबंध २०२१ चा. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने सहा देशांतल्या १७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. निष्कर्ष असा : पडद्यावर काम करताना डोळ्यांचा थकवा कमी होण्यात साध्या काचेपेक्षा या काचेचा अल्पकाळात काही फायदा दिसत नाही. झोपेबद्दलचे निकाल परस्परविरोधी होते. दृष्टिपटलाच्या संरक्षणाबद्दल सांगण्याजोगा पुरावाच नव्हता. या चाचण्या लहान होत्या आणि जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या होत्या, हेही त्या अहवालात स्पष्ट लिहिलेलं आहे.

मग बरं वाटतं ते कशामुळे? माझं मत असं, की चष्मा नवा केला तेव्हा नंबरही नव्याने तपासला गेला हे माणूस विसरतो. पाव नंबरचा तिरपा दोष, ज्याला दुकानात ‘सिलिंडर’ म्हणतात, दिवसभराच्या कामात डोकं धरायला लावू शकतो. तो सुधारला की हलकं वाटतं. जुनी काच चरे पडलेली असते, नवी स्वच्छ. आणि ब्लू कटसोबत बहुधा पाठीमागच्या ट्यूबलाइटची चकाकी घालवणारं कोटिंगही येतं. ते वेगळं आणि स्वस्तात मिळतं आणि त्याचा उपयोग होतो. श्रेय मात्र निळ्याला जातं.

डोळे दमतात हे पडद्याच्या आधीपासूनचं आहे. इटलीतल्या मोडेनाचे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. घड्याळजी, सोनार, कोरीव काम करणारे अशा बारीक काम करणाऱ्यांच्या डोळ्यांबद्दल त्यात लिहिलेलं आहे. त्यांचा सल्ला होता, की मान सतत कामावर वाकवून ठेवू नका, मधूनमधून काम खाली ठेवा आणि नजर दुसरीकडे वळवा. त्या वेळी वीज नव्हती, पडदा नव्हता. मेणबत्तीच्या पिवळ्या उजेडात निळ्याचा अंश अगदी थोडा. तरी डोळे दुखत होते.

सोलापूरला हे वेगळं सांगायला नको. हे शहर नजरेच्या कामावर उभं आहे. १८७७ मध्ये इथे पहिली कापडगिरणी निघाली, तिला सोलापूरकर अजून ‘जुनी गिरणी’च म्हणतात. पूर्व भागातल्या यंत्रमागांवर तुटलेला धागा पाहून, पकडून, गाठ मारणारा माणूस बारा-बारा तास तेच करतो. जेकार्डची नक्षी पूर्वी आलेख कागदाच्या बारीक चौकोनांत एकेक घर रंगवून काढत आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडत. एक घर चुकलं की चादरीवर मोराची मान वाकडी. तेच काम आता पडद्यावर होतं. कुंभारीच्या घरकुलातली बाई दारात बसून हजार विड्या वळते, पान कापते, दोरा बांधते, आणि उजेड गेला की दिव्याखाली बसते. नक्षीवाल्याचे आणि या बाईचे डोळे संध्याकाळी सारखेच जड होतात. दोघांत समान आहे ते जवळचं काम, न हलणारी नजर आणि पुरेसा नसलेला आराम.

पडद्याची मात्र एक खास भर आहे आणि ती उजेडाची नाही. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर असतो. पापणी मिटली की तो नव्याने पसरतो. १९९३ मध्ये काझुओ त्सुबोता आणि सहकाऱ्याने जपानमधल्या १०४ ऑफिस कर्मचाऱ्यांच्या पापण्या मोजल्या. निवांत बसलेले असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा उघडझाप, पुस्तक वाचताना १०, पडद्यासमोर ७. आणखी एक गोष्ट त्यांनी मोजली. पुस्तक आपण खाली धरतो, त्यामुळे वरची पापणी डोळ्याचा बराच भाग झाकते. पडदा समोर असतो, डोळा सताड उघडा, आणि हवेला उघडा राहणारा भाग पुस्तकाच्या वेळेपेक्षा जवळजवळ दुप्पट. थर लवकर सुकतो. चुरचुर होते ती त्याची. ‘डोळ्यांतून पाणी येतं, मग कोरडे कसे?’ असं रुग्ण विचारतात. कोरडेपणाची टोचणी लागली की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते आणि ते वाहून जातं, थर काही नीट बसत नाही.

यात सोलापूरची हवा घाला. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते आणि डोक्यावर पंखा पाचवर. महा ई-सेवा केंद्रातल्या मुलाच्या टेबलाजवळ बहुधा एक टेबलफॅन थेट त्याच्या तोंडावर सोडलेला असतो. त्या मुलाला ब्लू कट काचेपेक्षा पंख्याचं तोंड वळवल्याने जास्त आराम मिळेल. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली आणली की डोळा कमी उघडा राहतो. मुद्दाम पापण्या पूर्ण मिटायच्या, अर्ध्या नव्हेत. घाईत आपण पापणी अर्धीच खाली आणतो. दर वीस मिनिटांनी वीसेक फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद पाहायचं हा नियम जेफ्री अँशेल या अमेरिकी दृष्टितपासनीसाने लोकप्रिय केला. रामाझ्झिनींच्या सल्ल्याचीच ती घड्याळ लावलेली आवृत्ती आहे. एवढं करून भागलं नाही तर कृत्रिम अश्रूंचे थेंब असतात, पण ते डॉक्टरांना विचारून. औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणून महिनोन्‌महिने टाकणं वाईट. त्यातल्या काहींत स्टिरॉइड असतं आणि त्याने काचबिंदू होऊ शकतो.

चाळिशी ओलांडलेल्यांचं दुखणं आणखी वेगळं. डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं दिसेनासं होतं आणि जवळचा चष्मा लागतो. तो चष्मा हातातल्या पुस्तकाच्या अंतराला, म्हणजे चाळीस सेंटिमीटरच्या आसपास केलेला असतो. कॉम्प्युटर साठ सेंटिमीटरवर. चाळीस सेंटिमीटरला अडीच नंबरची ताकद लागते, साठला पावणेदोनच्या आतली पुरते. बँकेतला पन्नाशीचा कारकून बायफोकल लावून बसतो, पडदा वरच्या काचेतून पुसट दिसतो, म्हणून हनुवटी उचलून खालच्या काचेतून पाहतो, आणि दिवसाअखेर मानेवर शेक घेतो. दोष पडद्याला देतो. कामाचं अंतर टेपने मोजून ते चष्मा तपासणाऱ्याला सांगितलं, तर त्या अंतराचा वेगळा चष्मा करून मिळतो. इतकी साधी गोष्ट क्वचितच कुणी विचारतं.

योग्य नंबराचा साधा चष्मा काय करू शकतो याचा भक्कम पुरावा आपल्याच देशातला आहे. आसामातल्या चहाच्या मळ्यात चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर झालेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना जवळचा चष्मा आधी दिला, उरलेल्यांना नंतर. आधी चष्मा मिळालेल्यांची रोजची पानतोड इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. कोटिंग नाही, काही नाही, फक्त नंबर. विडी वळणाऱ्या किती बायका चष्म्याविना पान कापत असतील हा विचार मला फार टोचतो. घरात कमावत्या मुलासाठी ब्लू कट येतो आणि आई दोरा ओवायला नातवंडाला हाक मारते.

झोपेच्या बाबतीत निळ्या उजेडाला निर्दोष म्हणता येणार नाही. आपल्या दृष्टिपटलात काही पेशी पाहण्यासाठी नसून दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवण्यासाठी असतात. त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्याला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. रात्री त्यांना उजेड मिळाला की झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन दबतं. हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी १२ जणांना पाच संध्याकाळी झोपण्यापूर्वी चार तास पूर्ण तेजावर ठेवलेल्या टॅबवर वाचायला लावलं. छापील पुस्तकाच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. चार तास, पूर्ण तेज, आणि फरक दहा मिनिटांचा. रात्री दोनपर्यंत जागवतं ते एकामागून एक येणाऱ्या व्हिडिओंचं आकर्षण, आणि त्याला चष्मा काही करू शकत नाही. तेज कमी करावं, फोनमधला पिवळट पडद्याचा पर्याय हवा तर लावावा, तो फुकट आहे, आणि अंथरुणावर फोन नेऊ नये.

राहिली मुलं. ब्लू कटचा सर्वांत मोठा धंदा आता त्यांच्या नावाने होतो, आणि पालकांची काळजी समजण्यासारखी आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी टाळेबंदीत सगळ्या महाराष्ट्राची शाळा फोनमध्ये गेली. ती चूक नव्हती, फोन नसता तर अनेक मुलांचं शिक्षणच थांबलं असतं. पण तेव्हापासून ‘पडद्याने नंबर वाढतो, निळी काच लावा’ हे समीकरण घट्ट झालं.

लांबचं पुसट दिसणं, म्हणजे मायनस नंबर, वाढतो तो डोळ्याचा गोल लांबट होत गेल्याने. खूप जवळचं काम आणि बाहेरच्या उजेडाची कमतरता यांच्याशी त्याचा संबंध आहे. निळा उजेड अडवल्याने मुलांचा नंबर थांबतो असा पुरावा नाही. बाहेरचा उजेड मिळाल्याने नंबर लागणं कमी होतं असा पुरावा आहे. चीनमधल्या ग्वांगझूत बारा शाळांमधल्या सहा-सात वर्षांच्या मुलांवर तीन वर्षं चाचणी झाली. ज्या शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा जादा तास मैदानात घेतला तिथे ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्यांत ३९.५ टक्के मुलांना. तैवानने तर २०१० पासून मुलांना दिवसाला दोन तास बाहेर ठेवण्याची मोहीमच चालवली. उजेड कमी करण्याची काच विकत घ्यायची आणि मूल दिवसभर ट्यूबलाइटखाली ठेवायचं, हे उलटं चाललं आहे.

सोलापुरात भर दुपारी मुलांना उन्हात काढायची गरज नाही. सकाळच्या शाळेत साडेसातला कडुलिंबाच्या सावलीतही वर्गापेक्षा कितीतरी पट जास्त उजेड असतो, आणि तो पुरतो. पहिली-दुसरीतल्या मुलाला बाहुलीपासून काचेपर्यंत सगळं विकत मिळतं, खेळाचा तास मात्र गणिताला दिला जातो. पालकसभेत त्या तासाबद्दल विचारावं. मूल फळ्याजवळ जाऊन वाचत असेल, डोळे बारीक करून पाहत असेल, तर वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञाकडून थेंब घालून नंबर तपासून घ्यावा. नंबर झपाट्याने वाढत असेल तर सौम्य मात्रेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब, खास प्रकारच्या काचा असे उपचार आता आहेत, आणि कोणाला कोणता लागू पडेल ते डॉक्टर ठरवतील. दुकानातल्या पेटीतल्या टॉर्चने ते ठरत नाही.